मामाच्या तलावाकाठी

परगावी उतरावयाचे कोठे, या प्रश्नाला माझ्यापाशी आजवर तीनच उत्तरे होती: आप्तांचे घर, हॉटेल आणि धर्मशाळा. आप्तांच्या घरी प्रेम पुष्कळ मिळते, पण मोकळीक मिळत नाही. पहाटे फिरावयास निघालो की 'एवढ्या थंडीत कुठे?' हा प्रश्न दाराशी उभा असतो. हॉटेलात मोकळीक पुष्कळ, परंतु तेथे खोलीचा आकडा हेच आपले नाव होऊन बसते. धर्मशाळेत उतरणाऱ्यालाही थोडे पुण्य लागते म्हणतात. मला तेथे ढेकणांखेरीज काही लागल्याचे स्मरत नाही.

गेल्या मार्गशीर्षात या तिहींहून निराळ्या अशा एका ठिकाणी मी तीन रात्री राहिलो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधपासून थोड्या अंतरावर, एका खेड्यातील तलावाच्या पाळीखाली ते घर आहे. एका शेतकरी कुटुंबाने आपल्या घरातील दोन खोल्या प्रवाशांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. अशा व्यवस्थेला सरकारी भाषेत 'निवास व न्याहारी' म्हणतात. नाव सुटसुटीत आहे. पण त्यात राहणाऱ्याने स्वतःला पाहुणा समजावे की गिऱ्हाईक, याचा उलगडा होत नाही. माझी सारी फजिती त्यातूनच उद्भवली.

घर कवेलूंचे, पुढे सारवलेली सपरी, अंगणात मळणी होऊन पडलेल्या तणसाची गंजी. घराच्या मागे तलावाची पाळ उभी. पाळीवर चार पावले चढले की एकदम पाणी दिसते. साठीच्या घरातली यजमानीण दाराशी आली आणि म्हणाली, "या जी भाऊ, हातपाय धुऊन घ्या." एवढ्या चार शब्दांनी मी पाहुणा झालो. परंतु लगेच तिने कोनाड्यातली शाळकरी वही काढली, माझे नाव लिहून घेतले आणि खोलीचे किती, जेवणाचे किती, हे सांगितले. त्यासरशी मी पुनः गिऱ्हाईक झालो.

तो पहिला दिवस मी मोठ्या संकोचात काढला. ताटात चिन्नोर तांदळाचा वाफाळलेला भात आला. त्याचा सुवास असा, की कालवणाची वाट पाहण्याचा धीर राहू नये. त्यावर लाखोळीच्या डाळीचे वरण, आणि तलावातल्या मरळ माशाचा रस्सा. भात आणखी मागावा असे मनात फार होते. पण मागितला तर त्याचे वेगळे पैसे पडतील काय, आणि न मागता उठलो तर तिला वाईट वाटेल काय, या दोन शंकांत भूक अडकून पडली. जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीकडे न्यावे की तसेच ठेवावे, हेही कळेना. शेवटी मी ताट अर्धे उचलून पुनः खाली ठेवले. ते पाहून ती म्हणाली, "काहून जी, पोट नाही भरलं का?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने भाताचा डाव ताटात रिता केला.

लहानपणी मामाच्या घरी असले प्रश्न कधी पडले नव्हते. वर्धेकडील एका गावी माझ्या आजोळचे घर आहे. दर उन्हाळ्यात आम्ही दहाबारा भावंडे तेथे टोळधाडीसारखी उतरत असू. आंबे किती खाल्ले, दूध कोणी सांडले, याचा जाब कोणी विचारीत नसे. हिशेब नाही तेथे प्रेम, आणि हिशेब आला की प्रेम मागल्या दाराने गेले, अशी जी समजूत मनात रुजली, ती तेथलीच. तिला धक्का लावणारे कोणी मला पन्नाशी उलटेपर्यंत भेटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरधन्याबरोबर पाळीवरून चालत गेलो. पाण्यावर धुके तरंगत होते; पलीकडच्या काठाने रानबदकांची रांग चालली होती. "हा मामा तलाव," तो म्हणाला. मला ते नाव इतके आवडले, की हा कोणाचा मामा, आणि गावाने तलावाला कोणत्या जिव्हाळ्याने हे नाते लावले, असे मी विचारले. म्हातारा हसला. "नाते कुठले जी! माजी मालगुजारी. 'मा' आणि 'मा'. सरकारी कागदातले नाव आहे."

माझ्या कवित्वावर पाणी पडले. पण त्या दोन अक्षरांमागचा इतिहास पुढे कळला तो कवित्वाहून सरस निघाला. भंडारा आणि गोंदिया हे मुळात एकच. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. हा सारा मुलूख भाताचा, आणि भाताला ऐन वेळी पाऊस दगा देतो म्हणून तलावांचा. गोंड राजांच्या अमदानीत जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे सांगतात. तलाव बांधण्याची ही विद्या प्रामुख्याने कोहळी समाजाची. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून, दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घालावी. पाणी सोडावयास पाळीत तुडुम ठेवावे. जास्तीचे पाणी जावयास एका कडेने सांडवा काढावा. आणि खालच्या बांध्यांना एकामागून एक पाणी पाजीत न्यावे. इंग्रजी अमलात, 1860 नंतरच्या जमाबंदीने, गावची मालकी मालगुजारांकडे आली व तिच्याबरोबर तलावही आले. पूर्व विदर्भातील चार जिल्ह्यांत असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत.

पुढे 1950 सालच्या कायद्याने मालगुजारी गेली. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. 1951 पासून तलाव सरकारचे झाले. कालांतराने लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. मालगुजारी गेली याचे दुःख कोणी करू नये. तिच्याबरोबर वेठही गेली. परंतु म्हाताऱ्याने जे सांगितले त्याने मी विचारात पडलो.

"माझ्या आज्याच्या वेळी," तो म्हणाला, "उन्हाळ्यात प्रत्येक घरच्या माणसाला पाळीवर माती टाकावी लागे. ज्याची जितकी बांधी, तितके त्याचे दिवस. कोणी चुकला तर पाटाचे पाणी त्याच्या बांधीपाशी येऊन थांबे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, मासळीचे वाटे ठरलेले. भांडणे होत, पण पाळ फुटत नसे. मग तलाव सरकारचा झाला. आता भांडणही नाही आणि मातीही नाही. गाळ साचला, काठाने बेशरम माजले. सारे म्हणतात, तलाव आपला आहे."

शेवटचे वाक्य त्याने कोणताही उपरोध न आणता उच्चारले. तो उपरोध माझ्या मनात उमटला, आणि दिवसभर तेथेच राहिला.

दुपारी नवेगावबांधला गेलो. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचे ते पाणी पाहिल्यावर, हे मनुष्याच्या हातांनी केले यावर विश्वास बसत नाही. लोकांचाही बसला नसावा; कारण सभोवारच्या सात टेकड्यांना ते सात बहिणी म्हणतात, आणि या बहिणींनीच पाटलाला तलाव बांधावयास हात दिला असे सांगतात. कोलू पाटील मेल्यावर कोलासुर देव झाला. तलावापाशी त्याचे ठाणे आहे. येथल्या अरण्याला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे घालविलेल्या वर्षांनी मराठी वाङ्मयाला 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक दिले. ज्या गावाने तलाव बांधणाऱ्याला देव केले, त्या गावाविषयी मला आदर वाटला. तथापि म्हाताऱ्याचे बोलणे मनातून जाईना. मातीच्या पाळीला वर्षातून एकदा टोपलीभर माती लागतेच. ती नुसत्या भक्तीने भरून निघत नाही.

परतताना काठावर चारपाच ढिवर स्त्रिया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बेशरमाची झुडपे मुळासकट उपटताना दिसल्या. या तालुक्यात गेल्या काही वर्षांत हे काम ठिकठिकाणी चालले आहे. झुडपे काढून त्या जागी त्या मासळीला निवारा व चारा देणाऱ्या पाणवनस्पती लावतात, म्हणजे मरळ आणि मागूर पुनः वाढतात. उन्हे कलली होती, पण त्यांचे काम थांबले नव्हते. त्यांतली एक मोठ्याने नावे घेऊन, आज कोण आली आणि कोण आली नाही, याची मोजदाद करीत होती.

चौथ्या दिवशी निघावयाच्या वेळी माझी खरी परीक्षा झाली. यजमानिणीने वही उघडून हिशेब सांगितला. तीन रात्री, पाच जेवणे. वस्तुतः मी सहा वेळा जेवलो होतो. तसे म्हणताच ती म्हणाली, "पहिल्या रात्रीचे नाही धरले. तुम्ही लाजत लाजत जेवले. ते काही जेवण नव्हे." चहाचे पैसे तर कोठेच नव्हते. मी रक्कम दिली, तिने दोनदा मोजली आणि वहीत खूण केली. मला मात्र राहवेना. एवढ्या आपुलकीची किंमत इतकी थोडी कशी, असे वाटून मी पाचशेची एक नोट गुपचूप उशीखाली ठेवली आणि मोठ्या उदारपणाच्या समाधानात बाहेर पडलो.

फाटकापर्यंत पोचलो नाही तोच ती मागून आली. नोट तिच्या हातात होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण आल्या दिवशीचे हसूही नव्हते. "भाऊ, हिशेब झाला ना जी आपला?" तिने विचारले, "मग हे कशाचे?"

कशाचे ते मला सांगता येईना. 'तुमच्या प्रेमाचे' असे ओठांवर आले होते. पण ते शब्द उच्चारण्यापूर्वीच मला त्यांची लाज वाटली. तिने पैसे मोजून घेतले होते ते खोलीचे व अन्नाचे. बाकीचे जे तिने दिले ते वहीत नव्हते, म्हणूनच ते दिलेले होते. मी मात्र तेही मोजून त्यावर पाचशेचा आकडा टाकला होता. मी नोट घेतली आणि खिशात घातली. "पुढच्या खेपेस मंडळींना घेऊन या," ती म्हणाली, आणि तणसाच्या गंजीकडे वळली.

आगगाडीत मी खिडकीबाहेर पाहत होतो. रिकाम्या बांध्यांमागून बांध्या चालल्या होत्या. कोठे दूर शेतात सारसांची जोडी दिसते काय म्हणून मी डोळे ताणले. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने याच टापूत उरला आहे. जोडी दिसली नाही. मनात मात्र वर्धेकडचे ते घर येऊन उभे राहिले.

मामा जाऊन बारा वर्षे झाली. धाकटा मामेभाऊ एकटाच तेथे राहतो. आम्ही भावंडे लग्नकार्यात भेटलो की त्या घराच्या आठवणी काढून रडकुंडीला येतो. 'आपले आजोळ' असे म्हणताना प्रत्येकाचा कंठ दाटतो. कवेलू दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात. त्याला मजूर लागतात, त्यांना मजुरी लागते. गेल्या बारा वर्षांत आम्हा दहाबारा जणांपैकी कोणी, फेरणीला किती खर्च येतो, असे विचारल्याचे मला स्मरत नाही. मीही विचारले नाही. आपल्याच माणसाशी पैशाची भाषा कशाला, असे म्हणून आम्ही मन मोठे ठेवले. दोन पावसाळ्यांपूर्वी मागची भिंत बसली. मामेभावाने ते कळविले तेव्हाही आम्ही हळहळलो. हळहळीचा खर्च येत नाही.

लहानपणी तेथे कोणी हिशेब ठेवीत नसे असे मी आजवर मानीत आलो. आज वाटते, मामा ठेवीत असला पाहिजे. आंब्याच्या आढ्या, दुधाचा रतीब, दहाबारा पोरांची जेवणे, हे सारे त्याने कोठेतरी मांडलेच असेल. फक्त ती वही आमच्या डोळ्यांपुढे कधी आली नाही. ती त्याने मिटली, आणि पुढे आमच्यापैकी कोणी उघडली नाही.

घरी आल्यावर मी मामेभावाला पत्र लिहिले. क्षेमकुशल नेहमीचेच. खाली एवढेच विचारले की, मागची भिंत उभी करून सारे कवेलू फेरावयाचे झाल्यास खर्च किती येईल, आणि तो आम्हा भावंडांत वाटला तर प्रत्येकी किती पडेल. पत्र टाकताना हात क्षणभर थांबला. त्याला हे व्यवहारी वाटेल, कदाचित राग येईल, असे मनात आले.

आठ दिवसांनी उत्तर आले. मायना नाही, तक्रार नाही. वहीचे एक पान फाडून त्यावर त्याने विटा, माती, सागवानी वासे, कवेलू आणि मजुरी यांचे आकडे एकाखाली एक नीट मांडले होते. खाली बेरीज होती, तिला भागिले होते, आणि माझ्या नावापुढे माझा वाटा होता. त्याने स्वतःचे नावही भागणाऱ्यांत धरले होते. तेवढे मात्र मी खोडले, आणि बेरीज पुनः मांडून पान परत पाठविले.