मनगटावरची सूचना

गोंदिया जिल्ह्यात आषाढ लागला, की धानाच्या बांध्यांतून रोवणीची एकच धांदल उडते. वाकलेल्या पाठींवर पाऊस कोसळत असतो आणि वर वीज कडाडत असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप सिद्ध केले आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरांच्या टापूत विजेचा संभव असल्यास ते मोबाईलवर सूचना देते. परंतु मोबाईल असतो धुऱ्यावर, पिशवीत गुंडाळलेला, आणि रोवणारी बाई असते दूर चिखलात!

माझी कन्या पुण्यास स्मार्टवॉचवरील सूचना तयार करण्याचे व तपासण्याचे काम करते. गेल्या पावसाळ्यात ती घरी आली, तेव्हा विजेचे भय नाही अशी सकाळ पाहून तिने एक घड्याळ आपल्या आईच्या मनगटावर बांधले व तिच्याबरोबर बांधीत उतरली. कचेरीत निमूट चालणारे ते यंत्र येथे हट्टी मुलासारखे वागू लागले. पडद्यावर पावसाचे थेंब पडत आणि घड्याळ त्यांनाच बोटांचा स्पर्श समजे. शिवाय अशा घड्याळास वार्ता मिळते ती बहुधा मोबाईलकडून, ब्लूटूथच्या लहरींनी. त्यांचा पल्ला साधारण १० मीटर. आई रोवीत पुढे सरकली, की मनगट मुके! तेव्हा मोबाईल कमरेशीच बांधावा असे ठरले. आणि संबंध तुटताच घड्याळाने थरथरून तसे कळवावे, अशी योजनाही तिने केली. विजेच्या सूचनेची थरथर मात्र निराळी, लांबलचक ठेवली. तास संपल्याचा टोला आणि शाळा सुटल्याची घणघण मुले न पाहता ओळखतात, तशी. (ऊठसूट थरथरणारे घड्याळ कोणीही काढूनच ठेवील, याविषयी आमचे एकमत होते.)

खरी अडचण निघाली भाषेत. तिने लिहिले होते, “विजेचा धोका आहे, झाडाखाली थांबू नका.” घड्याळाचा पडदा तो केवढा! वाक्य मध्येच तुटले आणि दिसू लागले, “विजेचा धोका आहे, झाडाखाली थांबू…” पत्नीने ते मोठ्याने वाचले आणि धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाकडे बोट दाखविले. मला हसू आले. कन्या हसली नाही.

“बाबा, वाक्य कोठे तुटले ते पाहा,” ती म्हणाली.

इंग्रजीत असा नकार आरंभीच येतो. मराठीत तो बहुधा शेवटी. क्रियापदाचे स्थान मी वर्षानुवर्षे फळ्यावर दाखविले होते. पण त्या स्थानावर कोणाचा जीव टांगलेला मी प्रथमच पाहत होतो. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही शब्द निवडू लागलो. ‘सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा’ हे मी तत्काळ खोडले; असे कोणी बोलत नाही, आणि ऐकणाऱ्यास तेवढा अवकाशही नसतो. अखेरीस उरले ते एवढे: “वीज! पक्क्या घरात जा. झाडापासून दूर.” हे कोठेही तोडा, अर्थ उलटत नाही.

हेच वाक्य गोंडीत कसे म्हणतात, हे विचारण्यास ती दुसऱ्या दिवशी सालेकसा तालुक्याकडे गेली. त्या भाषेत नकार कोठे येतो, हे आधी विचार, एवढे मी तिला निघताना सांगितले.