औषधाचे मुके सोबती

एकत्र कुटुंबांत औषधाची बाटली एक, पण ती हाताळणारे अनेक असतात. सकाळचा चमचा आई देते, दुपारचा आजी, रात्रीचा काकू. आमच्याही घरीं हीच रीत आहे. 'हलवून घ्यावें' ही बाटलीवरील सूचना सर्वांस पाठ असते. तिचें कारण मात्र क्वचितच कोणी विचारतें.

कांहीं औषधें पाण्यांत विरघळत नाहींत. त्यांचे सूक्ष्म कण द्रवांत तरंगत ठेवावे लागतात. स्टोक्स ह्या शास्त्रज्ञानें १८५१ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें कणाचा व्यास दुप्पट झाला कीं त्याचा बुडण्याचा वेग चौपट होतो, आणि द्रव दाट असल्यास तो मंदावतो. म्हणूनच अशा औषधांत झँथनसारखा डिंक घालतात. कण नीट भिजावेत म्हणून पॉलिसॉर्बेट, जंतू वाढूं नयेत म्हणून सोडियम बेंझोएट, अशीं द्रव्यें त्याच्या सोबतीस असतात. ह्यांपैकीं एकानेंही मूळ रोग हटत नाहीं. पण हीं नसतील तर औषधाचा नेमका अंश चमच्यांत उतरणार नाहीं.

ह्यांत एक मौज आहे. कण एकमेकांपासून अगदीं अलग ठेवले तर ते सावकाश बसतात खरे, परंतु बसल्यावर त्यांचा घट्ट थर होतो व तो हलवूनही सहसा फुटत नाहीं. उलट, थोडासा क्षार घालून त्यांचे सैल पुंजके होऊं दिले तर ते लवकर खालीं येतात, पण हलवतांच पुन्हां मोकळे होतात. तेव्हां तळाशीं गाळ दिसणें हा दोष नव्हे. तो न मोडणें हा दोष होय.

अपस्मारावरील फेनिटॉइनच्या द्रवाचें उदाहरण घ्या. न हलवतां दिलेल्या वरच्या चमच्यांत औषध कमी पडून मुलास झटका येऊं शकतो; तळच्या चमच्यांत तें अधिक जाऊन तेंच मूल गुंगतें, त्याचा तोल जातो. चमचा मात्र दोन्हीं वेळां काठोकाठ भरलेलाच असतो. त्यामुळें डॉक्टरांचाही तर्क चुकूं शकतो.

म्हणून वाचकभगिनींस आमची विनंति अशी: दाट वाटतें म्हणून बाटलींत जास्तीचें पाणी घालूं नये, त्यानें डिंकाचें बळही घटतें व जंतुरोधकाचेंही. प्रत्येक वेळीं तळ मोकळा होईपर्यंत बाटली हलवावी व लागलीच माप घ्यावें. थर सुटतच नसेल, तर तें औषध न देतां बाटली विक्रेत्यास दाखवावी. हा नेम घरांतील प्रत्येक हातानें पाळला, तरच आईचा चमचा आणि आजीचा चमचा एकाच गुणाचा ठरेल.