बॅगेतलं वायफाय

माझ्या लॅपटॉप बॅगेत आता एक एटीएम कार्डाएवढा बोर्ड असतो. रास्पबेरी पाय ४. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून केंब्रिजच्या एबन अप्टन आणि मंडळींनी २०१२ मध्ये पहिला पाय बाजारात आणला. मी त्याचा राउटर केलाय!

कारण हॉटेलांचं वायफाय. 'मॅडम, एका रूमला दोनच डिव्हाइस.' लॅपटॉप आणि फोनमध्येच कोटा संपला. मग सोबत आलेल्या आईने मालिका कशावर बघायची?

त्यावर तोडगा असा. पायमध्ये ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं. हे २००४ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर, मेमरी कार्डावर चढवलं की झालं. यूएसबी डोंगल हॉटेलचं नेट पकडतो आणि बोर्डावरचं वायफाय ते खोलीत वाटतं. लॉगिनचं पान एकदाच भरायचं, हॉटेलला डोंगल हे एकच यंत्र दिसतं. आईच्या फोनमध्ये पासवर्ड एकदाच टाकलाय. तिला वाटतं, सगळ्या हॉटेलांचं वायफाय एकच असतं.

नखरे आहेत, बरं का. डोंगल घेताना आतली चिप बघा, तिचा ड्रायव्हर घरीच टाकून ठेवा. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, तो आधीच बदला. हॉटेलचाही तोच निघाला की दोघांची जुंपते. लॉगिनचं पान उघडेना, तर 'रिबाइंड प्रोटेक्शन' तेवढ्यापुरतं बंद करा. चार्जर तीन अँपिअरचा हवा. आणि एवढी खटपट नको असेल, तर तयार ट्रॅव्हल राउटर मिळतात, खुशाल तेच घ्या.

मला मात्र या खटपटीचं चीज झालेलं एका तालुक्याच्या गावी दिसलं. मजुरीच्या स्टोरीसाठी गेले होते. एक बाई नाव न छापण्याच्या अटीवर दोन तास बोलल्या. रेकॉर्डिंग त्याच रात्री बाहेर पाठवायचं होतं. गावात लॉज एकच, फोनला रेंज नाही, आणि लॉजचा मालक त्याच ठेकेदाराचा सख्खा मेहुणा. नेट त्याचं, राउटर त्याच्या काउंटरमागे.

पायवर वायरगार्ड होतं. म्हणजे आपल्याकडून निघालेलं सगळं कुलूपबंद होऊन मी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरपर्यंत जातं. मधल्याला एवढंच कळतं की अमुक पत्त्यावर बराच डेटा गेला. काय गेला, पुढे कुणाकडे गेला, ते नाही. अदृश्य वगैरे होत नाही आपण. पण त्या रात्री तेवढं पुरेसं होतं.

फाइल दीड वाजता पोचली. पोचल्याची खात्री करून फोनमधली पुसली. सकाळी बिल देताना मालकाने विचारलं, 'नेट चाललं ना नीट?'

म्हटलं, 'झकास.'