मार्गे

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागते तेव्हा तिच्या कपाळावर स्वच्छ लिहिलेलं असतं : 'सांगली, मार्गे कऱ्हाड.' कुठं जाणार ते आधी, कुठून जाणार ते नंतर. एसटीची ही सभ्यता इंटरनेटवाल्यांना मात्र मानवली नाही. तिथल्या पाटीवर नुसतंच 'मार्गे'! गाव कुठलं, ते उतरल्यावर कळणार.

म्हणजे असं की, तुम्ही मित्राला एखाद्या बातमीचा पत्ता पाठवता. मधली कंपनी तो झाकून वर आपला चिकटवते. मित्रानं बोट टेकवलं, की स्वारी आधी कंपनीच्या दारात. कोण आलं, किती वाजता आलं, याची तिथं नोंद होते आणि मग पुढं रवानगी. कऱ्हाड कधी गेलं, प्रवाशाला पत्ताच नाही!

2002 साली 'टायनी यूआरएल'नं हा उद्योग सुरू केला, तो लांबलचक पत्ते ई-मेलमध्ये मधेच तुटत म्हणून. हेतू चांगलाच होता. पुढं ट्विटरनं सरसकट सगळ्या पत्त्यांवर आपला 'टी डॉट को' चढवला. बारा अक्षरी पत्ता 'आखूड' होऊन तेवीस अक्षरी होऊ लागला. (आमच्याकडं हेड ऑफिस कामकाज सोपं करतं, ते याच पद्धतीनं.)

बरं, मधल्यानंच दुकान आवरलं तर? गुगलनं 2009 साली असंच दुकान काढलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये त्यातले वापरात नसलेले पत्ते बंद झाले. 1960 साली 'दक्षिण सातारा' जिल्ह्याचं नाव सांगली झालं, म्हणून जुन्या नावाची पाकिटं पोस्टानं काही कृष्णेत सोडली नसतील!

परवा एक निवृत्त गुरुजी काउंटरवर आले. फोनवर निरोप होता : 'केवायसी संपलं. खालील ठिकाणी त्वरित माहिती भरा.' खाली कुणीतरी शिंकल्यासारखी आठ अक्षरं.

"बँकेचंच आहे ना, साहेब? नाव तर आपलंच दिसतंय."

"नाव कुणीही लिहील, गुरुजी. पत्ता कुठला आहे?"

रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक डॉट इन' हे शेपूट लावून घ्यायला सांगितलं, ते खरं-खोटं ओळखू यावं म्हणून. पण आखूड पत्त्यात नेमकं शेपूटच झाकलेलं! गुरुजींची आयुष्याची पुंजी आमच्याकडं ठेवीत आहे. मी तो निरोप त्यांच्याच बोटानं पुसायला लावला.

गुरुजींनी फोन खिशात घातला, खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, माझी ठेव इथंच बसू द्या. तिला प्रवासाची हौस नाही."