दाखला आणि ओळख

आमच्या घरी शाळेचे दाखले सागवानी पेटीत जपून ठेवण्याची जुनी रीत आहे. सुपा धरणात गाव जाणार हे निश्चित झाले आणि आम्ही रामनगरास आलो, तेव्हा कितीतरी भांडीकुंडी मागे राहिली. ती पेटी मात्र वडिलांनी स्वतः उचलून आणली. कागदावर आमची एवढी श्रद्धा!

आमच्या परसात वर्षानुवर्षे येणाऱ्या कुणबी आजींजवळ असा एकही कागद नाही. करांद्याचा कडवटपणा राखेच्या पाण्यात उकळून कसा घालवावा, खाजरे सुरण आंबटात का शिजवावे, कंद खणताना माथ्याचा तुकडा पुन्हा मातीत का ठेवावा, हे त्या आईच्या मागे हिंडून शिकल्या. त्यांच्या नातवाला रानाची तीच जाण आहे. तरीही वाटाड्याच्या कामासाठी तो एका कचेरीत गेला, तेव्हा दहावीचे गुणपत्रक नाही म्हणून त्याला परत पाठवले गेले. त्या दिवशी आमची पेटी आम्हांला थोडी लाजिरवाणी वाटली.

हातांनी शिकावे, हा विचार नवा नव्हे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच विश्वासावर. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावच्या लोकज्ञानाची नोंदवही करण्याची वाट खुली झाली. त्या कल्पनेमागे उत्तर कन्नडची राने वर्षानुवर्षे पायी तुडवणारे माधव गाडगीळ होते. पण ती नोंदवही गावाची. एकट्या माणसाच्या हाती तिने काय पडावे? 2015 पासूनच्या डिजिलॉकरमध्ये सरकारी दाखले मिळतात. पण ज्याला दाखलाच मिळाला नाही, त्याने तेथून काय काढावे?

येथेच ई-पोर्टफोलिओ उपयोगी पडतो. त्यात गुण नसतात, केलेले काम असते: छायाचित्रे, ध्वनिमुद्रण, जाणत्यांचे अभिप्राय, चुकले कोठे आणि सुधारले कसे याची टिपणे. एवढ्याने कचेरीचा दरवाजा उघडेलच असे नाही. तो पुरावा तपासणारा जाणता माणूसही तेथे बसलेला हवा. पण निदान नातवाला रिकाम्या हाताने उभे राहावे लागणार नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही त्याच्यासह असा संग्रह करू लागलो. आजींनी प्रथम विचारले, यावर नाव कोणाचे? आम्ही क्षणभर गप्प झालो. लिहिणाऱ्यांचे नाव घालण्याची सवय आमच्या हाडीमासी खिळलेली. अखेर त्यांचे नाव आधी आले, नातवाचे त्याखाली. काही कंदांची ठिकाणे सांगून त्यांनी ती नोंदवू नका असे बजावले. खणणारे वाढतील आणि माथे मातीत कोणी ठेवणार नाही, ही त्यांची भीती. ती पाने आम्ही कोरी ठेवली आहेत.

नातू ती ठिकाणे जाणतो. आजींच्या मागे तो अजून हिंडतो आहे, तोवर त्या कोऱ्या पानांची आम्हांला चिंता वाटत नाही.