कृष्णाकाठचा रस्ता आणि दोन चाकं



एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर चढ किती आणि उतार किती? चटकन सांगता येईल? रोज रिक्षातून किंवा बाबांच्या गाडीवर मागं बसून येणारे बहुतेक डोकं खाजवतील. चालत येणारे अंदाजानं काहीतरी सांगतील. पण सायकलवरून येणारा मुलगा एका दमात सांगेल, "गिरणीपाशी चढ, मारुतीच्या देवळापासून उतार!" कारण त्याचं उत्तर डोक्यात नसतं, गुडघ्यात असतं!

आज मी तुम्हाला अशाच एका रस्त्यावर घेऊन जाणार आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईहून धोम गावाकडं जाणारा हा रस्ता. लांबी म्हणाल तर आठ-नऊ किलोमीटर. या रस्त्यावरच्या एका छोट्या शाळेत मी शिकवते आणि रोज सायकलनं जाते. त्यामुळं इथला खड्डा न् खड्डा माझ्या ओळखीचा आहे. चला तर, मागच्या चाकात हवा आहे ना बघा, घंटी वाजवून बघा आणि निघा माझ्याबरोबर.

माशाच्या आकाराची भिंत

निघायचं वाईच्या गणपती आळीतून. कृष्णा नदीच्या घाटावर इथं ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एवढी मोठी आणि अंगानं अशी भरलेली, की लोकांनी प्रेमानं नावच ठेवलं 'ढोल्या'. पण तुम्ही मूर्ती बघून लगेच परत फिरू नका. देवळाच्या मागच्या बाजूला जा. तिथली भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे. असं का बरं?

पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो. सपाट भिंतीवर पाणी धाडकन आदळलं असतं. निमुळत्या भिंतीवर आलेला लोंढा दोन बाजूंना फाटतो आणि देवळाला वळसा घालून पुढं जातो. समोरून जोराचा वारा सुटला की सायकलवर आपण काय करतो? हँडलवर वाकतो, अंग लहान करतो. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी जे दगडात केलं, तेच आपण अंगानं करतो!

वाईत अजून एक मोठी गोष्ट आहे. मराठी विश्वकोश तयार करण्याचं काम याच गावातून चालत आलं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. जगातलं ज्ञान गोळा करायला मोठं शहरच लागतं असं थोडंच आहे!

नदी सांगते, चढ कुठं आहे ते

गाव मागं पडलं की शेतं सुरू होतात. ऊस, हळद, ज्वारी. उजव्या हाताला पांडवगड दिसतो. डावीकडं नदीच्या पलीकडं डोंगराची लांबच लांब रांग, आणि तिच्या माथ्यावर पाचगणी. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी साधारण तेराशे मीटरवर. मधला पसरणीचा घाट एसटीतून चढताना खिडकीतून मजा वाटते. त्या घाटात सायकल घालायच्या फंदात मात्र आपण पडायचं नाही. तो मोठ्यांचा आणि मोठ्या गाड्यांचा रस्ता. आपला धोमचा रस्ता बरा.

हा रस्ता पाहिलात तर सपाट वाटेल. एसटीतल्या माणसाला विचारा, तो शपथेवर सांगेल की सपाट आहे. पण जाताना पायडल किंचित जड जातं आणि येताना सायकल आपोआप पळते. रोजच तसं होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारलं, असं का होत असेल? बरीच उत्तरं आली. वारा, दप्तराचं ओझं, आणि "येताना घरी जायचं असतं ना बाई, म्हणून!" हे शेवटचं उत्तर मला फार आवडलं. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, नदी तिकडनं इकडं येते."

शाब्बास! कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथून ती धोम, मेणवली करत वाईला येते. पाणी कधी चढ चढत नाही. म्हणजे नदी ज्या बाजूनं येते ती बाजू उंच. तिच्या काठानं आपण उलट्या दिशेनं निघालो की आपल्याला चढ लागणारच. पुस्तकात 'नदी उंचावरून सखल भागाकडे वाहते' हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते पायाला कळतं ते अशा रस्त्यावर.

एक फेरा, साडेपाच मीटर

वाईपासून मेणवली साधारण तीन किलोमीटर. चालत गेलात तर पाऊण तास, सायकलनं रमतगमत पंधरा मिनिटं. पाय तेच, ताकद तीच, मग वेळ इतका कमी कसा?

त्यासाठी सायकल स्टँडवर लावा आणि दाते मोजायला बसा. साध्या मोठ्या सायकलला पायडलच्या चाकाला ४४ दाते असले आणि मागच्या छोट्या चाकाला १८, तर भागाकार करा. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. आता चाकाच्या टायरवर खडूनं खूण करा, सायकल ढकला आणि खूण पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर मोजा. मोठ्या चाकाला ते सव्वादोन मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात आपण जवळजवळ साडेपाच मीटर पुढं जातो. मेणवलीला पोचायला साडेपाचशेच्या आसपास फेरे! तुमच्या सायकलीचे दाते वेगळे असतील, चाक लहान असेल. तुमचं गणित तुम्हीच करा. माझ्या उत्तराची नक्कल करू नका.

घाटावरची पाहुणी घंटा

मेणवलीत नाना फडणवीसांचा मोठा वाडा आहे. त्याच्या मागं कृष्णेवर दगडी घाट आहे, चंद्रकोरीसारखा वळणदार. 'स्वदेस' नावाचा २००४ मधला हिंदी चित्रपट तुमच्या आईबाबांनी पाहिला असेल, त्यातलं गाव म्हणजे हेच.

या घाटावर एका छोट्या देवळीत भलीमोठी घंटा टांगली आहे. जवळ जाऊन नीट बघा. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू यांचं चित्र आहे, आणि साल आहे १७०७. कृष्णाकाठी ही कुठून आली? वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडं होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. तिथल्या चर्चमधल्या काही घंटा मराठ्यांनी बरोबर आणल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, आणि एक ही इथं. शेकडो किलोंची ही घंटा ट्रक नाहीत, डांबरी रस्ते नाहीत अशा काळात समुद्रकाठावरून सह्याद्री चढून इथवर आली. सायकलच्या कॅरिअरवर पाच किलो बटाटे बांधून चढ चढला असाल, तर तुम्हाला त्या प्रवासाची थोडीशी कल्पना येईल.

पुढं धोमला कृष्णेवर मोठं धरण आहे. गावात नरसिंहाचं आणि महादेवाचं जुनं देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी बघायला विसरू नका. कमळाच्या आकाराच्या हौदात दगडी कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला! हौदात पाणी भरलं की कासव पोहत निघालंय असं वाटतं.

हाफ पायडल, नळी आणि शीट

आता रस्त्यावरची नव्हे, माणसाची गोष्ट सांगते. आमच्या शाळेतली एक मुलगी. हुशार, पण बोलायला अगदी लाजरी. राहायची गावाबाहेरच्या वस्तीवर. आमची शाळा संपल्यावर पुढचं शिक्षण वाईत, म्हणजे सहा किलोमीटर लांब. सकाळची एसटी सोयीची होती. संध्याकाळची चुकली तर मात्र दोन तास स्टँडवर बसायचं, अंधार करून घरी यायचं. घरात बोलणं सुरू झालं, "रोज कोण आणणार तिला? त्यापेक्षा राहू दे घरी."

तिच्या घरी चुलत्याची जुनी सायकल गोठ्याला टेकून उभी होती. दोन्ही टायर बसलेले, चेनीला गंज. मुलीनं तिच्यावर डोळा ठेवला. आधी ती सायकल रॉकेलनं पुसून काढली. मग गावातल्या पंक्चरवाल्या काकांकडं नेली. काकांनी ट्यूब काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. जिथून बुडबुडे आले तिथं खूण केली. ट्यूब कोरडी करून पॉलिशपेपरनं घासली, सोल्युशन लावलं, ते जरा सुकू दिलं आणि मग ठिगळ दाबून बसवलं. मुलगी शेजारी उकिडवी बसून बघत होती. दुसरं पंक्चर काकांनी तिलाच काढायला लावलं.

सायकल तिच्यापेक्षा उंच. म्हणून सुरुवात हाफ पायडलनं. नळीच्या खालून पाय पलीकडं घालायचा आणि अर्धा अर्धा फेरा मारत जायचं. आठवड्यानं नळीवरून आणि महिन्यानं शिटावर. पडली किती वेळा याचा हिशोब तिच्या गुडघ्यांनाच माहीत! तिला सगळ्यात अवघड गेली ती एकच गोष्ट. डावीकडं तोल जायला लागला की आपण घाबरून हँडल उजवीकडं ओढतो आणि हमखास आपटतो. खरं तर ज्या बाजूला तोल जातो, त्याच बाजूला हँडल हलकेच वळवायचं. म्हणजे चाकं आपल्या अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. हे ऐकून समजत नाही. एक दिवस अंगालाच समजतं, आणि त्यानंतर जन्मात विसरत नाही.

आजी म्हणायची, "पोरीच्या जातीला सायकल कशाला?" जून उजाडला. मुलगी दप्तर लावून निघाली. पहिले आठ दिवस वडील मागं मोटरसायकलवरून जायचे. नवव्या दिवशी ते थांबले. आणि एका सकाळी आजीनंच दारातून हाक मारली, "ए पोरी, येताना माझ्या गोळ्या आणशील का गं वाईतनं?"

आता ती आठवीत आहे. परवा रस्त्यात भेटली. वाटेत एका लहान मुलाची चेन उतरली होती, ती बसवून देत होती. हात ग्रीसनं काळेकुट्ट. मला बघून म्हणाली, "बाई, पुढं व्हा, गाठतेच तुम्हाला." वर्गात जिला उत्तर येत असूनही हात वर करायला भीती वाटायची, तीच ही मुलगी! तिला धीट हो असं कुणी शिकवलं नाही. रोज सहा किलोमीटर जायचं, वाटेत अडचण आली तर आपणच सोडवायची, एवढंच ती करत गेली.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची मोहीमही झाली. हजारो बायका सायकल शिकल्या. अक्षरं आली की वाचता येतं आणि सायकल आली की कुणाची वाट न बघता जाता येतं. दोन्हींची जोडी किती छान जमते, नाही का?

सायकलच्या दुकानातून कारखाना

आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शेतीचे लोखंडी नांगर बनवणारे, १९१० मध्ये सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवणारे. त्यांच्या उद्योगाची सुरुवात माहीत आहे? बेळगावात १८८८ मध्ये काढलेलं सायकलचं दुकान! त्याच वर्षी तिकडं बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. त्यांच्या मुलाच्या तीनचाकीला फार हादरे बसत, म्हणून त्यांनी तो टायर बनवला होता. तेव्हा सायकल उघडून बघणाऱ्या मुलाला 'उगाच पसारा करू नको' म्हणण्याआधी मोठ्यांनी जरा विचार करावा!

पालकांनाही दोन शब्द

तुमची काळजी खोटी नाही. रस्त्यावर गाड्या वाढल्यात, ऊस भरलेले ट्रॅक्टर भरधाव जातात. म्हणून सुरुवात मैदानावर करा. मग गल्लीत, मग सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, तुमच्या सोबतीनं. डोक्यावर हेल्मेट असू द्या. डाव्या बाजूनं चालवणं, वळताना हात दाखवणं, डबलसीट न घेणं, मागं लाल रिफ्लेक्टर असणं, हे नियम घरातच पक्के करा. पावसात ब्रेक उशिरा लागतो, हेही आधीच सांगून ठेवा. एवढं झालं की एक दिवस मात्र थांबा आणि त्याला एकट्याला जाऊ द्या.

आणि मुलांनो, तुम्हाला या आठवड्याचा अभ्यास. तुमच्या रोजच्या रस्त्यावरून सायकलनं हळूहळू जा. एक चढ, एक जुनं झाड आणि ज्याच्याशी कधी बोलला नाहीत असा एक माणूस शोधून काढा. चढ का आहे ते विचारा, झाडाचं नाव विचारा आणि त्या माणसाला "काका, कसे आहात?" विचारा. तीन उत्तरं वहीत लिहा. धोम-मेणवली कधी जमेल तेव्हा बघाच, पण तुमचा रस्ता तर उद्या सकाळीसुद्धा तिथंच आहे.

मग काय, भरायची ना हवा?