फातोर्डा: घरच्या मैदानावरची हार

गोव्यात समुद्र तर बघालच. पण मडगावच्या कदंब बसस्थानकावर उतरलात तर जवळच्या फातोर्डा स्टेडियमकडेही एक चक्कर मारा. १९८९ पासूनचं हे मैदान म्हणजे आम्हा एफसी गोवाच्या चाहत्यांचं घर.

याच घरात २० डिसेंबर २०१५ ला आम्ही इंडियन सुपर लीगची फायनल हरलो. समोर चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, आपण २-१ने पुढे! आता तीनच मिनिटं, असं कुणालाही वाटेल ना? ९०व्या मिनिटाला स्वयंगोल, आणि भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल. २-३.

२०१९ची फायनलही बेंगळुरूकडून गेली, तीही ११७व्या मिनिटाला. पण ती मुंबईत. परतीची गाडी पकडली की मैदान मागे राहतं. फातोर्डा कुठं मागे राहणार? बाजारात जा, बस पकडायला जा, ते आहेच समोर. तरी पुढच्या मोसमात तिकिटं काढलीच आम्ही.

सामन्याच्या दिवशी या. संध्याकाळी एखाद्या गाड्यावर गरमागरम रस-ऑम्लेट खा. फक्त शेजारच्या माणसाला २०१५बद्दल विचारू नका. विचारलंत, तर शेवटची बस चुकलीच समजा.